यंत्रालाही सातबारा द्या: केंद्रीय अर्थमंत्री आणि विधिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री
आणि माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: जंगम मालमत्तेच्या तारणासाठी एकच कायदा आणि एकच नोंदवही करण्याबाबत

सविनय नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी लहान कारखानदारांची कर्जप्रकरणे तयार करतो. ताळेबंद, कोटेशन, सीएमए डेटा (धंद्याचे मागचे आणि पुढचे अंदाजी आकडे), दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट हे सगळं फायलीत लावायचं आणि ती फाइल बँकेत न्यायची, हे माझं काम. वकिली मी करत नाही. तरी एका कायद्याच्या अभावाशी माझी रोज गाठ पडते, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुना कॉम्प्रेसर, सहा कामगार. आत शिरताच समोरच्या भिंतीवर दोन पाट्या दिसतात. पहिली ऑइलपेंटची, अक्षरं विटलेली: ‘या आवारातील सर्व यंत्रसामग्री, कच्चा व तयार माल बँकेकडे नजरगहाण आहे.’ त्या बँकेचं कर्ज पाच वर्षांपूर्वीच फिटलंय, पण पाटी कुणी पुसली नाही. शेजारी दुसऱ्या बँकेची नवी पाटी, मजकूर तोच. आणि कॉम्प्रेसरवर तो विकणाऱ्याचा स्टिकर: ‘पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालकी विक्रेत्याची.’ एका खोलीत तीन दावे. त्यातला कोणता जिवंत, कोणता मेलेला आणि कोण कोणाच्या पुढे, हे त्या भिंतीपलीकडे एका जागी कुठेही लिहिलेलं नाही.

मालकाला ३४ लाखांचं नवं व्हीएमसी मशीन (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं) घ्यायचं होतं. ऑर्डर हातात होत्या, पंचवीस टक्के मार्जिनही, म्हणजे स्वतःचा हिस्सा, जमवलं होतं. शाखाधिकाऱ्यांनी फाइल चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, “घर कोणाच्या नावावर आहे?”

घर आईच्या नावावर. त्यांना घेऊन परत गेलो. कागद वाचून दाखवल्यावर त्या मला म्हणाल्या, “हप्ते थकले तर मशीन उचलून न्या म्हणावं. घर कशाला लिहून देऊ?” मला नीट उत्तर देता आलं नाही. शाखाधिकारी भला माणूस आहे. बाहेर आल्यावर तोच मला म्हणाला, “या मशीनवर आमच्या आधी कुणाचा बोजा आहे का, हे मी कुठे बघू? आणि उद्या वसुलीची वेळ आली तर ते माझ्या हाती लागेल याची खात्री कोण देणार?”

महोदय, या दोन प्रश्नांची उत्तरं कायद्याने द्यायची असतात. आपल्या कायद्याकडे ती तुकड्यातुकड्यांत आहेत.

सत्तर-ऐंशी हजारांच्या दुचाकीला कर्ज देताना कुणी घराचा उतारा मागत नाही. दुचाकी तर रोज रस्त्यावर फिरते, आदळते, चोरीलाही जाते. तरी तिच्यावर कर्ज मिळतं, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ खाली आरसीवर फायनान्स देणाऱ्याचं नाव चढतं आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. जुनी गाडी घेणारा सर्वात आधी आरसी बघतो. जमिनीचंही तसंच, सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजा दिसतो. सोनं तर धनकोच्या तिजोरीतच जाऊन बसतं. यंत्रावरचा बोजा मात्र कळतो तो पेंटरने भिंतीवर रंगवलेल्या पाटीवरून. चौतीस लाखांच्या वस्तूची पत एका दुचाकीपेक्षा कमी पडते, आणि त्यात यंत्राचा काही दोष नाही.

हे असं का झालं? भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १७२ मध्ये जंगम वस्तूच्या तारणाची व्याख्या आहे आणि तिचा गाभा आहे ताबा. वस्तू धनकोच्या हाती दिली तरच ते तारण. दागिना, धान्याची पोती, भांडी यांच्यासाठी ही रचना चोख होती. कलम १७६ प्रमाणे वाजवी नोटीस देऊन धनको वस्तू विकू शकतो, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पण लेथ मशीन बँकेच्या गोदामात नेऊन ठेवलं तर हप्ता कुठून भरायचा? म्हणून ताबा ऋणकोकडेच ठेवून हक्क धनकोला देणारं नजरगहाण आलं. ते बँकांच्या करारांतून आणि न्यायालयांच्या निकालांतून घडत गेलं. त्याची व्याख्या कायद्याच्या पुस्तकात यायला २००२ साल उजाडलं, आणि तीही सरफेसी कायद्यात, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जांच्या वसुलीच्या कायद्यात, आणि त्या कायद्यापुरती. देशातल्या छोट्या-मोठ्या सगळ्या धंद्यांचा माल आणि यंत्रं ज्या व्यवहारावर गहाण पडतात, त्याला स्वतःचा कायदा आजही नाही.

सरफेसीने बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा हक्क दिला. सहकारी बँकांनाही तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण एनबीएफसीला (बिगर-बँक वित्तसंस्थेला) तो हवा असेल तर तिची मालमत्ता किमान १०० कोटींची आणि कर्ज किमान २० लाखांचं असावं लागतं. पतसंस्थेला तो नाही. उधारीवर माल देणाऱ्या पुरवठादाराला नाही. म्हणजे लहान माणसाला कर्ज द्यायला जे सर्वात जवळचे असतात, त्यांच्याच हातात सर्वात बोथट हत्यार. मग ते एक तर कर्ज देत नाहीत, किंवा व्याज चढं लावतात, किंवा कोरे चेक सही करून घेतात. हे तिन्ही प्रकार माझ्या टेबलावर येतात.

आता नोंदींकडे वळतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे.

ऋणको कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ७७ प्रमाणे बोजा निबंधकाकडे नोंदवावा लागतो, मूळ मुदत ३० दिवस. ऋणको एकट्याच्या मालकीचा धंदा किंवा साधी भागीदारी असेल तर ती नोंदवही त्याला लागूच नाही, आणि माझे बहुतेक पक्षकार असेच आहेत. वाहन आरटीओकडे. शेअर्स डिपॉझिटरीकडे. गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती तिच्या रिपॉझिटरीकडे. आणि २०११ पासून सरफेसीखालची केंद्रीय नोंदवही, म्हणजे सेरसाई. तिथे आधी स्थावर गहाणाची नोंद व्हायची. २०१६ पासून यंत्रं, माल आणि येणी यांवरच्या नजरगहाणाचीही सोय झाली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात नवं प्रकरण घातलं: नोंद झाली की ती सर्वांना दिलेली जाहीर सूचना मानायची, नोंद नसेल तर सरफेसीचे अधिकार वापरता येणार नाहीत, आणि नोंदणीकृत धनकोचं देणं सरकारी करांच्याही आधी. हे प्रकरण अंमलात आलं २४ जानेवारी २०२० ला. पुढे दोनच वर्षांनी बँक आधी की विक्रीकर विभाग आधी, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापर्यंत गेला आणि तिथे अग्रक्रमासाठी नोंदीचं महत्त्व अधोरेखित झालं.

पाऊल योग्यच होतं. पण ते बँकांच्या बाजूने टाकलेलं अर्धं पाऊल होतं. इतर धनकोंनाही नोंद करता यावी अशी तरतूद त्याच प्रकरणात आहे, आणि लगेच पुढे असंही म्हटलंय की अशा नोंदीमुळे त्यांना या कायद्याखाली वसुलीचा कोणताही हक्क मिळणार नाही. पुरवठादाराने मग नोंद करायची कशासाठी? नोंदवहीची किंमत तिच्या पूर्णतेत असते. दहापैकी चार दावे तिच्या बाहेर राहत असतील, तर शाखाधिकारी ती बघेल आणि तरीही घर मागेलच.

हे मी नवीन काही मागत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या बँकिंग लॉज कमिटीने १९७७ मध्येच जंगम मालमत्तेच्या तारणावर स्वतंत्र अहवाल दिला आणि एकत्रित कायद्याची शिफारस केली. तेव्हा कागदी नोंदवह्या होत्या आणि देशभराची एक वही ठेवणं खरोखर अवघड होतं. आज ती अडचण उरलेली नाही. न्यूझीलंडने १९९९ मध्ये असा कायदा करून २००२ पासून ऑनलाइन नोंदवही चालवली. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१६ मध्ये नमुना कायदाच लिहून ठेवला आहे. स्कॉटलंडची अडचण तर आपल्याहूनही मोठी होती, ताबा दिल्याशिवाय साध्या व्यावसायिकाला जंगम वस्तू तारण ठेवता येत नव्हती. त्यांनी २०२३ मध्ये कायदा केला आणि तो १ एप्रिल २०२५ पासून लागूही झाला. आपल्याकडे करार आणि मालमत्तेचं हस्तांतरण हे समवर्ती सूचीतले विषय आहेत, म्हणजे संसदेला हा कायदा करण्याचा अधिकार आहे.

मला तो कसा हवा, ते सांगतो.

नाव काहीही असो, नजरगहाण, भाडेखरेदी, लीज, ‘मालकी विक्रेत्याची’ अशी अट, जिथे एखादी वस्तू पैशांच्या हमीसाठी अडकवली आहे तिथे एकच नियम लागावा. आज कागदाचं शीर्षक बदललं की वेगळा कायदा, वेगळी नोंद, वेगळा निकाल. कॉम्प्रेसरवरचा स्टिकर हा तारणाचाच दावा आहे, आणि तो नोंदवहीत दिसला पाहिजे.

नोंदही साधी असावी. करारनामा अपलोड करण्याची गरज नाही. कोणी, कोणाला, कोणत्या वस्तूवर हक्क दिला, एवढी सूचना पुरे. ऋणकोच्या पॅनवरून शोध लागावा आणि यंत्राला अनुक्रमांक असेल तर त्यावरूनही. यंत्राच्या अंगावर नंबर कोरलेला असतोच. आपल्या देशात गाईम्हशींच्या कानात १२ आकडी टॅग आहेत, तर मशीनच्या नंबरपाशी आपण अडावं असं काही नाही. शोध घेणं कुणालाही परवडेल इतकं स्वस्त असावं, कारण जुनं मशीन विकत घेणाऱ्या माणसालाही ते बघायचं असतं. ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क आधी. वाद तारखेवर मिटेल.

याला एक अपवाद मात्र हवाच, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे मी अनेकांना बुडताना पाहिलंय.

बँकेच्या नजरगहाण करारात ठरलेलं वाक्य असतं: ‘सध्याची व भविष्यात येणारी सर्व यंत्रसामग्री.’ पाच लाखांच्या कॅश क्रेडिटसाठी माणूस आपल्या पुढच्या सगळ्या यंत्रांवर सही करून बसतो. वर सांगितलेल्या मालकाला दोन वर्षांपूर्वी एक विक्रेता ग्राइंडिंग मशीन हप्त्याने द्यायला तयार होता. अट एवढीच की ते मशीन आधी त्याचं राहील. बँकेची ना हरकत लागणार होती. मी स्वतः तीन अर्ज लिहिले, चार महिने खेटे घातले. बँकेचे या यंत्रात एक रुपयाही नव्हते, तरी भविष्यातल्या यंत्रावरचा हक्क सोडायला शाखेला वरून मंजुरी हवी होती आणि ती आली नाही. विक्रेत्याने मशीन दुसरीकडे दिलं, ऑर्डर गेली. म्हणून कायद्यात स्पष्ट लिहा: जो धनको एखादी वस्तू विकत घेण्यासाठी पैसे किंवा उधारी देतो आणि ठरलेल्या दिवसांत नोंद करतो, त्या वस्तूवर त्याचा हक्क सर्वांच्या आधी. आधीच्या बँकेचं यात काही जात नाही, कारण ती वस्तू त्या पैशांशिवाय आलीच नसती. अमेरिकेच्या एकसमान व्यापारी संहितेत हा नियम कित्येक दशकं आहे.

येणी हाही माझ्या पक्षकारांचा मोठा ठेवा असतो. मोठ्या कंपनीला माल दिला, बिल निघालं, पैसे तीन महिन्यांनी येणार. त्या बिलावर पैसे उभे करण्यासाठी २०११ चा फॅक्टरिंग कायदा आहे, २०२१ मध्ये तो अधिक संस्थांसाठी खुला झाला. अशी बिलं ऑनलाइन वटवणारे ट्रेड्स मंच आहेत, आणि २५० कोटींवर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली आहे. चांगलं आहे. पण खरेदी ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं की हे येणं दुसऱ्या कुणाच्या नावे करता येणार नाही. लहान पुरवठादार ती अट खोडू शकत नाही. अशी अट येण्याच्या तारणाआड येऊ शकणार नाही, एवढं एक कलम घाला.

दुकानातून रोजच्या व्यवहारात माल विकत घेणाऱ्याला तो निर्वेध मिळाला पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

आता माझ्या भीतीबद्दल. जंगम तारण सोपं झालं की वसुलीही सोपी होते, आणि आपल्याकडे वसुली म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं ते आपण जाणता. रस्त्यात गाडी अडवून चावी काढून घेणाऱ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाला २००७ मध्येच कडक शब्दांत बोलावं लागलं होतं. म्हणून कायद्याने धनकोला वेग द्यावा, पण दांडगाई करू देऊ नये. लेखी नोटीस ऋणकोच्या भाषेत. थकबाकी भरून वस्तू सोडवण्याची ठोस मुदत. ताबा शांततेने मिळत नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडून ठरलेल्या दिवसांत आदेश. विक्री खुल्या ऑनलाइन लिलावाने, आणि वर उरलेली रक्कम परत. धनकोने वस्तू हरवली किंवा पडत्या भावात विकली तर त्याचा हिशेब त्याने द्यावा. तारण परत देण्याची स्थिती नसेल तर कर्जही वसूल करता येणार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच मांडलंय. ते आता कलमात यावं.

आणि काही वस्तू तारणाच्या बाहेरच ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औजारं. पण ती यादी कोर्टाच्या जप्तीपुरती. करारात स्वतःहून लिहून दिलं तर ती आडवी येत नाही. शिलाई मशीनवर पोट असणाऱ्या बाईकडून पाच हजारांच्या कर्जासाठी तेच मशीन लिहून घेतलेलं मी पाहिलं आहे. तेच मशीन विकत घ्यायला कर्ज दिलं असेल तर गोष्ट वेगळी. नाही तर नवीन कायद्यात घरगुती वस्तू आणि लहान कारागिराची हत्यारं यांना कराराने सोडता न येणारं संरक्षण द्या.

कर्ज फिटल्यावर नोंद उतरवण्याचं कामही धनकोचं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या अखत्यारीतल्या संस्थांना सांगितलं की वैयक्तिक कर्जाच्या पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत द्या आणि नोंदवहीतला बोजा काढा, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्या. नियम उत्तम आहे. तो परिपत्रकातून कायद्यात आणा आणि धंद्याच्या कर्जांसाठीही प्रत्येक धनकोला लावा, मग तो बँक असो वा पुरवठादार. भिंतीवरची ती विटलेली पाटी याच नियमाच्या आधीची आहे.

मला ठाऊक आहे की नुसत्या कायद्याने सगळं होणार नाही. जुन्या यंत्राची किंमत ठरवणारे जाणकार हवेत, त्याचा बाजार हवा. पण जिथे हक्क स्पष्ट दिसतो तिथे कर्ज आपोआप वाट काढतं, हे आपल्याच राज्यात दिसतं. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. शेतकरी तूर, सोयाबीन, बेदाणा बाजार समितीच्या गोदामात ठेवतो आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने मिळते. तिथे कुणी घर मागत नाही, कारण माल गोदामात आहे आणि पावती एकच आहे. यंत्र गोदामात ठेवता येत नाही, तेव्हा त्याच्यासाठी ते काम नोंदवहीने करायचं आहे.

म्हणून माझी विनंती अशी की जंगम तारणाच्या कायद्याचा मसुदा करण्यासाठी मुदत बांधून समिती नेमावी. तिच्यात बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांच्या जोडीला पतसंस्था, यंत्रविक्रेते, लघुउद्योजकांच्या संघटना आणि कर्जदार यांनाही बसवावं. मसुदा मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावा आणि सूचनांसाठी किमान तीन महिने द्यावेत, कारण ज्यांची यंत्रं गहाण पडतात त्यांना इंग्रजीतले बारा अध्याय पंधरा दिवसांत वाचून उत्तर देता येत नाही. तोवर एक काम नुसत्या अधिसूचनेने होण्यासारखं आहे: सेरसाईची नोंदणी सर्व धनकोंसाठी प्रत्यक्षात खुली करा आणि शोधाचं पान भारतीय भाषांत आणा.

व्हीएमसीची फाइल अजून शाखेत पडून आहे. बाकी सगळे कागद पूर्ण आहेत. एका पानावर आईंची सही तेवढी राहिली आहे, आणि त्यांनी विचार करायला पुढच्या सोमवारपर्यंत वेळ मागितला आहे.

आपला विश्वासू,
लघुउद्योगांची कर्जप्रकरणे तयार करणारा एक सल्लागार